बोलका पट

मुलांनो, सुट्टीत दुपारच्या वेळी तुम्ही लुडो खेळता ना? बाहेर कडक ऊन असते. घरात पट मांडला जातो, फासा खुळखुळतो आणि आरडाओरडा सुरू होतो.

आता समजा, तुमचा मावसभाऊ आरिफ खेळायला बसला आहे. त्याला डोळ्यांनी दिसत नाही. तो फासा टाकतो. ‘पाच पडले,’ असे तुम्ही सांगता. त्याची सोंगटी तुम्हीच सरकवता. कोणती सोंगटी हलवायची, तेही तुम्हीच ठरवता. मग सांगा पाहू, डाव खेळला कोण? आरिफ की तुम्ही?

अंधांसाठी खास पटही असतात. त्यांत सोंगट्या खोबणीत बसतात, म्हणून हात फिरवला तरी त्या हलत नाहीत. फाशावरचे ठिपके बोटांना लागतात. पण खेळणारे दोन गावांत असतील तर? तेथे संगणक उपयोगी पडतो.

दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो कानांनी. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 2006 साली ‘एन.व्ही.डी.ए.’ नावाचा असा प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचा मित्र जेम्स तेह हाही दृष्टिहीन. तोही या कामात सामील झाला. हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो.

मात्र अशा प्रोग्रामला वाचण्यासाठी शब्द लागतात. पडद्यावर नुसते चित्र असेल, तर तो गप्प राहतो. लुडोचा पट म्हणजे तर सगळी चित्रेच! म्हणून खेळ नव्याने रचावा लागतो.

सापशिडी सोपी आहे. वाट एकच आणि घरे शंभर. ‘तुम्ही 27व्या घरात आहात,’ एवढे सांगितले की पुरते. लुडोत मात्र चौघांच्या मिळून सोळा सोंगट्या असतात. प्रत्येक खेळीला सोळांची जागा वाचून दाखवली, तर ऐकणारा कंटाळून जाईल. मग काय करावे? खेळाडूने विचारावे आणि संगणकाने तेवढेच सांगावे. एक कळ दाबली की आपल्या सोंगट्या कोठे आहेत ते कळावे. दुसरी दाबली की इतरांच्या कळाव्यात. तिसरी कळ फार महत्त्वाची: ‘माझ्या मागे सहा घरांच्या आत कोणी आहे का?’ डोळस खेळाडू हे एका नजरेत पाहतो. ते कळले नाही, तर सोंगटी कशी वाचवणार?

माउसचा बाण कोठे आहे ते दिसत नाही. म्हणून सर्व कामे कळफलकावरून व्हावी लागतात. फासा पडल्याचा, सोंगटी मेल्याचा आवाज वेगवेगळा ठेवला, तर शब्द कमी लागतात आणि मजाही वाढते.

हे केवळ मनातले मांडे नाहीत. अमेरिकेतील जिम किचन या दृष्टिहीन गृहस्थांनी मोनोपॉलीसारखे घरगुती खेळ संगणकासाठी तयार केले आणि ते लोकांना फुकट वाटले. आपल्याला काय कळायला हवे, हे त्यांना दुसऱ्याला विचारावे लागले नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. या खेळांत नियम बदलत नाहीत. सोंगटी बाहेर काढायला आरिफलाही सहाच पडावे लागतात. त्याची सोंगटी मरते आणि तोही तुमची मारतो! त्याला सवलत नको आहे, आपला डाव आपण खेळायचा आहे.

तेव्हा घरी संगणक नसला तरी अडत नाही. पुढच्या खेपेला पटावर काय आहे ते आरिफला नीट सांगा आणि मग गप्प बसा. सोंगटी कोणती हलवायची, ते त्यालाच ठरवू द्या.

स्वाध्याय
1. चित्रांचा खेळ वाचक प्रोग्रामला का वाचता येत नाही?
2. लुडोत तिसरी कळ महत्त्वाची का आहे?
3. डोळे मिटून मित्राबरोबर सापशिडी खेळा. तुम्हाला काय काय विचारावे लागले, ते पाच वाक्यांत लिहा.