समुद्रकिनाऱ्यावरून मासे गरविणें : साहित्याची निवड व रीत

शेतकीच्या मासिकांत समुद्रावरील मासेमारीचा विषय कशास, असें कित्येक वाचकांस वाटेल. त्याचें कारण असें कीं, हिंजवडी व माण या गांवांच्या शिवारांत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभें राहिल्यापासून येथील शेतकरी कुटुंबांची राहणी पालटली आहे. भाताचीं खाचरें कमी झालीं, मोटारी वाढल्या. आणि शनिवारीं रात्रीं निघून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट व माणगांव या वाटेनें दिवेआगर, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर गांठावें व रविवार खडकावर काठी धरून घालवावा, असा नाद आपल्या तरुण मंडळींस लागला आहे. नाद वाईट नाहीं. परंतु दुकानदार दाखवील तें महागडें साहित्य घेऊन आणि भरती-ओहोटीचें कांहींएक ज्ञान नसतां ही मंडळी समुद्रावर जातात. बहुधा तीं रिकाम्या हातांनीं परततात, आणि एखादे वेळीं परत येण्याचीच पंचाईत पडते. म्हणून हा लेख लिहिला आहे.

पवनेच्या किंवा मुळेच्या डोहावर ज्यांनीं लहानपणीं बांबूची काठी, दोरी आणि गांडूळ एवढ्यावर मासे धरले आहेत, त्यांनीं प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. डोहांतील मासा आपल्या ठिकाणीं असतो व माणूस त्याची वाट पाहतो. समुद्रांतील मासा किनाऱ्याशीं पाण्याबरोबर येतो व पाण्याबरोबर जातो. भरतीचें पाणी खडकांच्या कपारींत, वाळूच्या खळग्यांत आणि खाडीच्या मुखांत शिरलें म्हणजे तेथील खेकडे, कोळंबी व बारीक मासळी खाण्यास मोठे मासे मागोमाग येतात. म्हणून काठी कोणती घ्यावी याच्या आधीं वेळ कोणती साधावी हें ठरविलें पाहिजे; आणि त्यासाठीं लागणारें साधन प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं आहेच. तें म्हणजे पंचांग.

कोंकणांतील दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा आहे कीं, तिथीचा जो आंकडा असेल त्याची पाऊणपट करावी. जितके येतील तितक्या वाजतां पूर्ण भरती असते. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. चतुर्थीस चाराचे पाऊणपट तीन; म्हणजे पहाटे व दुपारीं सुमारें तीन वाजतां पूर्ण भरती, आणि तेथून सव्वासहा तासांनीं, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस सहा वाजतां भरती, एकादशीस सव्वाआठ वाजतां, पौर्णिमेस व अमावास्येस साडेअकरा-बाराच्या आंत-बाहेर. रायगडच्या किनाऱ्यावर हा हिशेब अर्धापाऊण तासाच्या फरकानें जुळतो. प्रत्येक दिवशीं भरती आदल्या दिवसाहून सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येते, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे दोन दिवसांचा मुक्काम असल्यास पुन्हां पंचांग उघडावें लागत नाहीं. सरकारी भरतीपत्रकें हल्लीं फोनवरही मिळतात व तीं अधिक बिनचूक असतात. परंतु खडकावर फोनची रेघ लागेलच असें नाहीं, आणि तोंडचा हिशेब बुडत नाहीं.

आतां याच हिशेबांतला धोका पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा असतो; त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तो सर्वांत लहान, तो भांग. उधाणाचे दिवशीं भरती दुपारीं बाराला, तेव्हां ओहोटी सकाळीं सहाला. शनिवारीं रात्रीं निघालेला मनुष्य बरोबर सहा वाजतां किनाऱ्यावर पोंचतो, व त्यास दूरवर उघडे, कोरडे खडक दिसतात. तो थेट टोंकाशीं जाऊन बसतो. पाणी मात्र सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा भाग केले तर सहा तासांत तें अनुक्रमें एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतें. म्हणजे तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून निम्मा चढ होतो. श्रीवर्धन-मुरूड बाजूस उधाणाचा चढ तीन मीटरांच्या आसपास धरला, तर आठ ते दहा या दोन तासांत दीड मीटर पाणी वाढतें. दीड मीटर म्हणजे पांच फूट, उभ्या माणसाच्या हनुवटीपर्यंत. पहिल्या दोन तासांत पाणी फारसें हललें नाहीं असें पाहून तो निर्धास्त होतो, मासे नेमके आठनंतर लागूं लागतात, आणि मागची सखल वाट बुडालेली त्यास कळत नाहीं. यासाठीं खडकावर जातांना मागें वळून वाटेंतील सर्वांत सखल जागा कोणती तें पाहून ठेवावें, व तेथें पाणी घोट्यास लागण्यापूर्वीं परतावें. मासा लागत असो वा नसो.

गरविण्यास उत्तम काळ म्हणजे भरतीचे शेवटचे दोन तास व ओहोटीचा पहिला तास. त्यांतही हा काळ सूर्योदयाच्या किंवा सूर्यास्ताच्या सुमारास येईल असा दिवस निवडावा. वरील हिशेबानें षष्ठी ते नवमीपर्यंतचे दिवस तसे निघतात, व त्या वेळीं भांग असल्यानें पाणीही बेताचें असतें. नवशिक्यानें हेच दिवस धरावे.

खाडीच्या मुखाचा नियम मात्र उलटा आहे. तेथें ओहोटी लागली म्हणजे आंतील बारीक मासळी बाहेर वाहूं लागते आणि जिताडा तिची वाट अडवून उभा राहतो. तेव्हां तेथें ओहोटीचा पहिला अर्धा भाग चांगला.

वाळूच्या किनाऱ्यावर कोठें टाकावें हें नवख्यास कळत नाहीं. उंचशा जागेवर उभें राहून दहा मिनिटें नुसतें पाहावें. लाटा सर्वत्र फुटत असतां मध्येंच एखाद्या पट्ट्यांत त्या फुटत नाहींत व तेथील पाणी गडद दिसतें; ती खोल पन्हळ होय. मुडदुशी, शिंगाळा, कधीं रावस याच पन्हळींतून किनाऱ्याजवळ येतात. परंतु किनाऱ्यावर चढलेलें पाणी समुद्रांत परत जाण्याची वाटही हीच, आणि पोहणाऱ्यास ओढून नेते तीही हीच. शांत दिसते म्हणून पोरें तिच्यांतच उतरतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो महिना पावसाळ्याचा नव्हता, हें विसरूं नये. काठीवाल्यानें वाळूवर गुडघ्याच्या वर पाण्यांत जाण्याचें कारणच नाहीं. कोणी ओढला गेलाच तर त्यानें किनाऱ्याकडे समोरासमोर झुंजूं नये. किनाऱ्यास समांतर असें आडवें पोहून पन्हळीबाहेर पडावें.

आतां साहित्य. माझें मत स्पष्ट आहे कीं पहिल्या हंगामांत काठी घेऊंच नये. कोळी बांधव खडकावरून नुसता दोर हातानें फेंकून तांबोशी व गोब्रा काढतात. पन्नास मीटर जाड नायलॉनचा दोर लांकडाच्या तुकड्यास गुंडाळावा, टोंकास शिसें व गळ बांधावा, इतक्यानें काम भागतें. माशाची ओढ कोणती, लाटेची कोणती आणि खडकांत अडकल्याची कोणती, हें बोटांस जितकें लवकर कळतें तितकें काठीस कळत नाहीं.

ज्यास काठी घ्यावयाचीच आहे त्यानें जागा पाहून लांबी ठरवावी. खाडीस सात-आठ फूट, खडकास नऊ-दहा फूट, वाळूवरून लाटांपलीकडे फेंकण्यास बारा ते चौदा फूट. काठ्या काचतंतूच्या व कार्बनच्या मिळतात. कार्बनची हलकी खरी. पण खडकावर आपटल्यास तडकते, आणि तिच्यांतून वीज वाहते. विजेच्या तारांखालून ती उभी धरून जाणें किंवा ढग गडगडत असतां हातांत ठेवणें जिवावरचें आहे. आरंभीं काचतंतूची बरी. रीळ घेतांना त्याच्या आकारापेक्षां तें खाऱ्या पाण्यासाठीं केलेलें आहे कीं नाहीं हें विचारावें. तलावावर चालणारें रीळ समुद्रावर एका हंगामांत गंजून बसतें.

खरा पैसा दोर व गळ यांवर खर्चावा. एकपदरी नायलॉन व वेणीचा दोर असे दोन प्रकार आहेत. तितक्याच ताकदीचा वेणीचा दोर जाडीनें सुमारें निम्मा असतो, त्यामुळें दूर जातो व वाऱ्यालाटेंत कमी ओढला जातो. परंतु खडकाच्या धारेवर घासतांच तुटतो. म्हणून त्याचे पुढें दोनचार हात जाड एकपदरी नायलॉनचा पुढारी दोर जोडावा लागतो. साधारणतः ३० पौंडी वेणीच्या दोरास ४० ते ६० पौंडी पुढारी ठीक. वाळूवरून जड शिसें फेंकावयाचें असल्यास दर २८ ग्रॅम शिशामागें १० पौंड ताकद पुढारी दोरास हवी, व तो रिळावर चारपांच वेढे बसेल इतका लांब असावा. नाहींतर फेंकतांना दोर तुटून शिसें बंदुकीच्या गोळीसारखें सुटतें. गांठ आवळण्यापूर्वीं थुंकीनें ओली करावी, कारण कोरडा नायलॉन घर्षणाच्या उष्णतेनें दुबळा होतो.

गळाच्या नंबरांत नवखा हटकून गोंधळतो. साधा नंबर वाढला कीं गळ लहान होतो. पण पुढें शून्य लागलें कीं नंबराबरोबर गळ मोठा होतो. मुडदुशीचें तोंड लहान, तिला सहा ते आठ नंबर. तांबोशी, शिंगाळा, जिताडा यांस तीन-शून्य ते पांच-शून्य. टोंक आंत वळलेला वाटोळा गळ मिळाल्यास तोच घ्यावा. तो माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यांत बसतो व पोटांत जात नाहीं. मात्र तो वापरतांना हिसका मारूं नये, दोर नुसता ताणूं द्यावा. पापलेट गळाला सहसा लागत नाहीं, तेव्हां त्याची आशा सोडावी.

खडकांत शिसें अडकून सर्वच तुटून जातें, ही नेहमींची तक्रार. शिसें मुख्य दोरास न बांधतां कच्च्या दोऱ्यानें बाजूस लोंबतें ठेवावें. अडकलें तर तेवढेंच तुटतें. शिशाऐवजीं जुना नट बांधला तरी चालतो, आणि तो आपल्या गोठ्यांत पडलेला असतोच.

आमिषांत ताजी कोळंबी सर्वांस चालते. तांबोशी व गोब्रा यांस लहान खेकडा, शिंगाळ्यास बोयटाचा किंवा माकुळाचा तुकडा द्यावा. गांडूळ नेऊं नये. खाऱ्या पाण्यांत तें लवकर मरतें. आमिष गांवच्या कोळिणीकडून विकत घ्यावें. चार पैसे तिला मिळतात, आणि आज कोणत्या बाजूस मासा आहे ही माहिती फुकट मिळते.

रिळाची ओढ दोराच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई ठेवावी. दोराचें टोंक धान्य तोलण्याच्या ताणकांट्यास बांधून पाहावें. ३० पौंडी दोर असल्यास साडेतीन-चार किलोवर रीळ सुटलें पाहिजे. तांबोशी लागतांच कपारीकडे धांवते, म्हणून पहिल्या चार हातांत तिला वळविलें तरच ती हातीं येते. वाळूवर उलट, घाई करूं नये. मासा येणाऱ्या लाटेबरोबर ओढावा आणि लाट परततांना नुसता धरून ठेवावा.

शिंगाळ्याच्या पाठीवर व दोन्ही बाजूंस करवती विषारी कांटे असतात. त्यास उघड्या हातानें धरूं नये, चिमट्यानें गळ काढावा. कांटा लागल्यास सोसेल इतक्या गरम पाण्यांत तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, कारण तें विष उष्णतेनें निकामी होतें. नंतर दवाखाना गांठावा. वाळूच्या उथळ पाण्यांत पाय उचलून न टाकतां घसटत चालावें, म्हणजे तळाशीं बसलेलें पाकट शेपटीचा कांटा मारण्यापूर्वींच पळून जातें.

महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. ती किनाऱ्यावरील काठीस लागू नसली, तरी त्या महिन्यांत खडकावर जाणें मूर्खपणाचें आहे. शिवाय आपल्या मुळशीकडे तेव्हां आवणी चालू असते, व ज्याचें खाचर अजून शिल्लक आहे त्यास तेथेंच पुष्कळ काम आहे. नारळीपौर्णिमेनंतर कोळी होड्या काढतात. आपण भात कापून झाल्यावर जावें. तेव्हां पाणीही निवळलेलें असतें.

किनारा हें कोळ्याचें शेत आहे असें समजून वागावें. पागी जेथें पाग फेंकीत असेल किंवा दक्षिणेकडे रापण ओढली जात असेल, तेथें गळ टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकांत गुरें घालणें होय. बोटभर मासा परत सोडावा. जिताड्याची तर गंमत अशी कीं तो आरंभीं नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो. यास्तव अगदीं मोठा जिताडा मारणें म्हणजे बियाणेंच खाणें. एक फोटो काढून तो सोडून द्यावा, व मधल्या आकाराचा एखादा घरीं न्यावा.

नेण्याचा मासा जागच्याजागीं पोट साफ करून बर्फांत दाबावा. घाट चढून येईपर्यंत नुसत्या ओल्या गोणत्यांत तो टिकत नाहीं. घरीं आल्यावर त्याच रात्रीं काठी व रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखालीं धुवावें, जोराचा फवारा मारूं नये, नाहींतर मीठ आंत शिरतें. नंतर रिळाची ओढ पूर्ण सैल करून तें सावलींत वाळत ठेवावें.