हवा-नमुना पंपातील गळती : निदान आणि दुरुस्ती

बंगळुरूच्या उत्तर भागातील हेब्बाळ येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे. १९९३ मध्ये जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेस २०१४ मध्ये आजचे नाव मिळाले. मित्रकीटकांच्या अभ्यासाबरोबरच पिके व किडी यांच्यातील गंधसंकेतांचे संशोधन तेथे चालते. शेतकऱ्यांच्या परिचयाचे कामगंध सापळे याच विद्याशाखेची देणगी होत. गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यातील गॉसिप्लूर हे दोन समघटकांचे साधारणपणे समप्रमाणातील मिश्रण आहे. असे गंध ओळखताना आणि मोजताना हवेचा नमुना घेणाऱ्या छोट्या पंपाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो चालू असतो, आकडा दाखवीत असतो, म्हणून ठीक आहे असे मानले जाते. गळती मात्र त्या आकड्यात दिसत नाही.

झाड किंवा कीटक काचपात्रात ठेवून त्यातील हवा अधिशोषक भरलेल्या नळीतून हळूहळू ओढली जाते. गंधद्रव्ये नळीत अडकतात. पुढे ती हेक्झेनसारख्या द्रावकाने उतरवून गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासतात. या मार्गात गळती कोठे आहे यावर तिचा परिणाम अवलंबून असतो. ती नळी आणि पंप यांच्या दरम्यान असेल तर नळीतील द्रव्य शुद्धच राहते, परंतु मोजलेले आकारमान खोटे ठरते. पंप मिनिटाला ५०० मिलिलिटर दाखवीत असेल आणि नळीच्या तोंडाशी प्रत्यक्षात ४०० मिलिलिटरच शिरत असेल, तर चार तासांत १२० लिटर हवा घेतल्याची नोंद होते. आलेली असते ९६ लिटर. गळती नळीच्या आधी, म्हणजे काचपात्राच्या सांध्यात असेल तर आकारमान बरोबर येते, पण प्रयोगशाळेतील हवा आत शिरते. मग द्रावकांची वाफ आणि कोणाच्या तरी अत्तराचा सुगंधही झाडाच्या नावावर जमा होतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो आकडेमोडीने दुरुस्त होत नाही.

निदानाची सुरुवात नळीच्या तोंडाशी प्रवाह मोजून करावी. साबणाच्या बुडबुड्याचा प्रवाहमापक यासाठी पुरेसा आहे. बुडबुडा १०० मिलिलिटरचे अंतर १५ सेकंदांत चढला तर प्रवाह मिनिटाला ४०० मिलिलिटर. या मापकातून येणारी हवा दमट असते, म्हणून चाचणीसाठी त्याच प्रकारची वेगळी नळी वापरावी. नळी काढून टाकून चाचणी घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. नळीच्या अडथळ्यामुळेच तिच्या पुढील भागात ओढ निर्माण होते आणि त्या ओढीमुळे फटीतून हवा शिरते. अडथळा गेला की गळतीही जवळजवळ नाहीशी होते.

हेब्बाळसारख्या ठिकाणी आणखी एक पेच असतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी आहे. समुद्रसपाटीवर प्रमाणित केलेला रोटामीटर तेथे प्रत्यक्षापेक्षा सुमारे ५ टक्के कमी वाचन देतो. त्यामुळे पंपाच्या निर्गम बाजूचा रोटामीटर ५०० दाखवतो तेव्हा खरा प्रवाह ५२५ च्या आसपास असतो. अशा वेळी ५ टक्के गळती असली तरी नळीच्या तोंडाशी बुडबुडा ५०० च्या जवळच दाखवील आणि दोन्ही आकडे जुळल्याचा आभास होईल. म्हणून दोन्ही टोके एकाच मापकाने मोजावीत.

फरक आढळल्यावर गळतीची जागा शोधावी. प्रथम पंपाचे शोषणमुख काही सेकंदच बोटाने बंद करावे. निर्गम प्रवाह शून्यावर आला तर बाहेरची हवा पंपात शिरत नाही. मग रबरी नळी जोडून तिचे टोक, त्यानंतर अधिशोषक नळीचे तोंड, याप्रमाणे एकेक भाग वाढवीत जावे. ज्या टप्प्यावर प्रवाह शून्य होत नाही, तेथे दोष असतो. साबणाचे पाणी शोषण बाजूस लावू नये. तेथे बुडबुडा येत नाही, उलट पाणीच आत ओढले जाते.

पंपाच्या झडपा नीट बसत नसतील तर ही चाचणी फसवी ठरते, कारण हवा बाहेरून न येता आतल्या आत मागेपुढे होते. अशा पंपाची ओढ क्षीण होते आणि ठरावीक प्रवाह राखण्यासाठी मोटर अधिक वेगाने फिरून बॅटरी लवकर उतरते. मार्गात बाहेरून गळती असेल तर मोटरचा भार उलट हलका होतो. बॅटरी अनपेक्षितपणे जास्त टिकू लागली तर आनंद मानण्याऐवजी सांधे तपासावेत.

दुरुस्ती बहुधा साधी असते. रबरी नळीचे टोक सैल झाले असल्यास तेवढा भाग कापून पुन्हा बसवावा. तडे गेले असल्यास नळी बदलावी. गाळणीच्या झाकणाखालील रबरी कडी चपटी झाली असेल तर नवी घालावी, स्क्रू आवळत बसू नये. प्लॅस्टिकचे झाकण त्याने वाकते. झडपांवरील धूळ कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. पडद्याला प्रकाशात धरून ताणल्यास बारीक चिरा दिसतात. चिरलेला पडदा चिकटवू नये, बदलावा. अधिशोषक नळीच्या आधीच्या सांध्यांवर सिलिकॉन ग्रीस किंवा झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. त्यांची द्रव्ये नमुन्यात उतरतात आणि आलेखावर परके शिखर उभे राहते. तेथे घासलेले काचसांधे किंवा टेफ्लॉन फीत योग्य.

नवा पडदा बसवल्यावर पंप तासभर चालवून मगच प्रवाह प्रमाणित करावा. त्यापुढे प्रत्येक नमुन्याच्या आधी व नंतर प्रवाह मोजून दोन्ही आकडे नोंदवहीत लिहावेत. त्यांत ५ टक्क्यांहून अधिक फरक पडल्यास तो नमुना सर्वसाधारणपणे ग्राह्य धरीत नाहीत. शेवटच्या निर्दोष चाचणीनंतर आणि गळती सापडण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्यांना एकच दुरुस्ती-गुणक लावण्याचा मोह टाळावा, कारण गळती कोणत्या दिवशी सुरू झाली आणि किती वेगाने वाढली हे ठाऊक नसते. असे नमुने स्वतंत्र खूण करून बाजूला ठेवावेत आणि पीक फुलोऱ्यात आहे तोवर नव्याने घ्यावेत.