यात्रेतील मदतकेंद्र आणि परिचारिकेचे नेतृत्व

चैत्र पौर्णिमेस पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. महाराष्ट्र व कर्नाटकातून लाखो भाविक येतात. उंच सासनकाठ्या, गुलालाची उधळण आणि ‘चांगभलं’चा गजर यांनी डोंगर दुमदुमतो. याच गर्दीत उन्हाने एखादा वृद्ध कोसळतो. मदतकेंद्रातील डॉक्टर दुसऱ्या रुग्णात गुंतलेले असतील, तर त्याची पहिली गाठ परिचारिकेशी पडते. पुढील काही मिनिटांत ती काय पाहते, काय बोलते व कोणावर कोणते काम सोपविते, यावर त्याचे प्राण अवलंबून असू शकतात.

नेतृत्व हुद्द्यात नाही

अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही रुग्णालयातील पायरी सर्वांना ठाऊक आहे. तथापि नेतृत्व केवळ वरच्या पायरीवर असते, असे मानणे चुकीचे ठरेल. क्रिमियाच्या युद्धात 1854 साली गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सेवेला स्वच्छता, शिस्त व नोंदींची जोड दिली आणि 1860 साली लंडनमध्ये परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्या कार्याचे मर्म कामाच्या व्यवस्थेत होते. मदतकेंद्रातही तेच लागू पडते. एकीने नाडी व रक्तदाब पाहावा, दुसरीने वेळेसह नोंद करावी, स्वयंसेवकाने गर्दी हटवावी, एकाने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ‘कोणीतरी पाणी आणा’ असे म्हटल्यास कोणीच हलत नाही. व्यक्तीकडे पाहून काम सांगितल्यास ते होते.

नेमके बोलणे

डॉक्टरांना माहिती देताना चार गोष्टी क्रमाने सांगण्याची पद्धत अनेक देशांतील रुग्णालयांत रूढ आहे : आता काय घडले, पूर्वीचे काय माहीत आहे, आपला अंदाज काय आणि काय हवे. उदाहरणार्थ, “साठीचे गृहस्थ चढण चढताना कोसळले, अंग तापले आहे, शुद्ध हरपत आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्याचे मुलगा सांगतो. उष्माघात वाटतो, रक्तातील साखरही पाहत आहे. अंग थंड करणे सुरू केले आहे, आपण लगेच यावे.” डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले औषध व मात्रा परिचारिकेने पुन्हा उच्चारून खात्री करावी. गोंगाटात ऐकण्यातील एक चूक जिवावर बेतू शकते. नातेवाइकांशीही दोन शांत शब्द बोलावेत. रुग्ण कन्नड भाषक असल्यास ती भाषा जाणणारा स्वयंसेवक जवळ असणे औषधाइतकेच उपयुक्त ठरते.

ज्येष्ठांचा हात

हे कौशल्य केवळ पुस्तकातून येत नाही. अमेरिकेतील परिचर्याशास्त्रज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पाच अवस्था मांडल्या; या प्रवासात प्रत्यक्ष अनुभवाला त्यांनी मोठे स्थान दिले. म्हणून नव्या परिचारिकेस अनुभवी परिचारिकेसोबत जोडीने नेमावे. प्रथम तिने पाहावे, नंतर देखरेखीखाली करावे, शेवटी स्वतः सांभाळावे. चूक झाल्यास रुग्णासमोर पाणउतारा करू नये; पाळी संपल्यावर काय घडले, का घडले, हे शांतपणे उलगडावे. ज्या परिचारिकेला प्रश्न विचारण्याची भीती वाटते, ती शंका मनात ठेवते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

गावाचे कर्तव्य

यात अधिकारी व पंचायत सदस्यांचाही वाटा आहे. यात्रेच्या नियोजन बैठकीस आरोग्य सेविकेला केवळ हजेरीपुरते न बोलाविता तिचे म्हणणे ऐकावे. सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि रुग्णवाहिकेची मोकळी वाट यांविषयी तिचा अनुभव मोलाचा असतो. पाळ्यांमध्ये विश्रांती व रुग्णांची माहिती पुढील पाळीस देण्याइतका वेळ राखून ठेवावा. शिक्षकांनी स्वयंसेवक विद्यार्थ्यांना तिच्या सूचनांप्रमाणे काम करण्याचे वळण लावावे.

गुलाल धुतला जातो, सासनकाठ्या आपापल्या गावी परततात. त्या दिवशी ज्येष्ठ परिचारिकेच्या शेजारी उभी राहून शिकलेली तरुणी मात्र पुढे वर्षभर एखाद्या उपकेंद्रात एकटीने निर्णय घेणार असते. तिची ती तयारी करून देणे, हेही यात्रेच्या व्यवस्थेचेच एक अंग होय.