तलावाला मॅनेजर कशाला?

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे. बरीच वर्षं बेंगळुरूत, एचएसआर लेआउटमध्ये राहतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. सकाळी अगरा तलावाला फेऱ्या मारताना एका मुलीशी ओळख झाली. ती म्हणाली, ‘मीपण प्रोजेक्ट मॅनेजरच, पण कॉन्झर्वेशनमध्ये.’ तेव्हापासून डोक्यात घोळतंय : पक्षी, झाडं, तलाव यांना मॅनेजर कशाला लागतो? तो दिवसभर करतो तरी काय? आणि चाळिशीला टेकलेल्या माझ्यासारखीला त्यात शिरता येईल का?
– एक वाचक, एचएसआर लेआउट, बेंगळुरू

उत्तर : शेवटचा प्रश्न हाच तुमचा खरा प्रश्न, हे लक्षात आलं. पण त्याची वाट आधीच्या दोन प्रश्नांतून जाते, तेव्हा जरा धीर धरा.

सुरुवात तुमच्या फेरीच्या रस्त्यावरूनच करू. अगरा तलाव माणसांनी बांधलेला आहे. बेंगळुरूला मोठी नदी नाही, म्हणून जुन्या लोकांनी उताराउताराने बांध घालून तलावांच्या माळा केल्या. वरचा तलाव भरला की जादा पाणी राजकालुवेतून, म्हणजे मोठ्या नाल्यातून, खालच्या तलावात जायचं. मडिवाळचं पाणी अगऱ्यात, अगऱ्याचं बेळ्ळंदूरला, तिथून वर्तूर आणि पुढे दक्षिण पिनाकिनीतून तामिळनाडूत. गावच्या तलावावर नीरगंटी असायचा. मोरी कधी उघडायची, कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं, बांध फुटायला आला तर कुणाकुणाला हाक मारायची, हे तो बघायचा. त्याचा मोबदला सुगीला धान्यात मिळायचा. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाणी वाटायला पाटकरी असतो, तो याच जातकुळीतला. थोडक्यात, तलावाला मॅनेजर पूर्वीही होताच. १९८०च्या दशकात होसूर आणि सर्जापूर रस्त्यांच्या बेचक्यात तुमचा लेआउट आखला गेला, शेतं गेली, त्याबरोबर नीरगंटीचं कामही गेलं. पाणी मात्र उताराने वाहतच राहिलं. फक्त आता त्यात सांडपाणी मिसळलं.

पुढचं तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. बेळ्ळंदूर हा शहरातला सर्वांत मोठा तलाव, सुमारे ९०० एकरांचा. त्याच्या फेसाचे ढग रस्त्यावर उडत आले. त्याला अनेकदा आग लागली, आणि जानेवारी २०१८मध्ये ती विझवायला लष्कराचे जवान उतरवावे लागले. आता तुमच्या व्यवसायाच्या नजरेने या तलावाकडे बघा. ताबा बीडीएकडे, म्हणजे बेंगळुरू विकास प्राधिकरणाकडे. सांडपाण्याची जबाबदारी जलमंडळाची. पावसाळी नाले महापालिकेचे. नमुने तपासणार प्रदूषण नियंत्रण मंडळ. काठाच्या एका भागाला लष्कराची जमीन. याच खोऱ्यातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोलारच्या तलावांना पोचवणारी योजना लघुपाटबंधारे खात्याची. वर राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश. आणि काठावर गवत कापणारे, मासे धरणारे, फ्लॅट घेतलेले, फ्लॅट विकणारे. यांतला कुणीही दुसऱ्याचा साहेब नाही, आणि हे सगळे मिळून तुमचे ‘स्टेकहोल्डर’. तुमच्या कंपनीत निदान एक क्लायंट असतो, त्याची सही झाली की काम संपतं. इथे पैसे देणारा एक, ज्याच्यासाठी काम करायचं तो दुसरा, आणि ज्याच्या परवानगीवाचून पान हलत नाही तो तिसराच. त्या मुलीच्या नोकरीचा मुख्य भाग या तिघांना एका कागदावर आणण्याचा आहे. सकाळी ती तुम्हाला दुर्बीण घेऊन दिसत असेल. उरलेला दिवस बहुधा कुठल्यातरी कार्यालयाबाहेरच्या बाकावर जातो.

असं काम जमलेलं बघायचं असेल तर सर्जापूर रस्त्यावरच्या कैकोंड्रहळ्ळी तलावावर एक रविवार घालवा. २००९च्या सुमारास तिथल्या रहिवाशांनी महापालिकेला बरोबर घेऊन तो पुन्हा उभा केला. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या हरिणी नागेंद्र यांनी बेंगळुरूच्या तलावांवर पुष्कळ लिहिलं आहे, त्यात हाही आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते : फिरायचा रस्ता झाला, पक्षी आले, तरी गुरांसाठी गवत कापून नेणाऱ्यांना हाकललं गेलं नाही. शहरातल्या बऱ्याच तलावांच्या ‘सुशोभीकरणा’त पहिली वीट पडते ती कुंपणाची, आणि कुंपणाबाहेर राहतात ते तलावाचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी आराखड्यात जागा ठेवणं हेसुद्धा प्रोजेक्ट मॅनेजरचंच काम.

आता जरा आपल्या मुलखात येऊ, कारण या व्यवसायाची खरी खुबी मला कोकणात दिसते. रत्नागिरी जिल्ह्यात जंगलाचा मोठा हिस्सा खासगी मालकीचा आहे. मालकाला मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या छपराला पैसा लागला की लाकूडतोड्या ठेकेदार दारात हजर. त्या रानात बेहड्याची मोठी झाडं असतात. नळ-दमयंतीच्या गोष्टीत कली जाऊन बसला तो याच झाडात, त्यामुळे घराजवळ बेहडा नको म्हणणारे अजूनही भेटतात. तोडताना कुणाला फारसं वाईट वाटत नाही. धनेशाला मात्र हाच वृक्ष हवा असतो, कारण त्याच्या जुन्या खोडातल्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी घालते. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने इथे वेगळा मार्ग काढला. बेहड्याचं फळ त्रिफळ्यात लागतं. ते नीट गोळा केलं, नीट वाळवलं आणि ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र मिळवलं, तर परदेशातली औषधी चहाची कंपनी चांगला भाव देते. मग उभं झाड दरवर्षी पैसे देतं.

हे लिहायला चार ओळी पुरल्या. प्रत्यक्षात यात काय काय आलं असेल, तुम्हीच मांडून बघा. कुठल्या झाडात ढोली आहे याची नोंद. एका झाडावरची किती फळं घ्यायची आणि रानासाठी किती सोडायची याचा नियम. मालकाशी लेखी करार. फळाला बुरशी लागली तर अख्खा माल परत, म्हणून वाळवणीची जागा, ताडपत्री, वजनकाटा. गोळा करणाऱ्याला पैसे त्याच आठवड्यात मिळायला हवेत, कारण ठेकेदार रोख देतो. लेखापरीक्षक येईल तेव्हा सगळ्या वह्या जुळायला हव्यात. इथे धनेशावर प्रेम असून भागत नाही, ताडपत्री वेळेवर पोचावी लागते. या क्षेत्रात पक्षी ओळखणारे पुष्कळ आहेत. ताडपत्री पोचवणारे कमी पडतात, आणि तुमच्यासारखीला दार उघडतं ते इथेच.

पण आधी या धंद्यातलं सर्वांत मोठं दुखणं सांगतो. ते पैशांच्या वेळापत्रकाचं आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४पासून हे लागू झालं आणि पर्यावरणाच्या कामात नोकऱ्या वाढल्या, हे खरं. मात्र कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि झाडाचं वर्ष मृगात सुरू होतं. मंजुरी ऑगस्टमध्ये, पहिला हप्ता नोव्हेंबरात, आणि अहवालात ‘रोपं लावली’ असं मार्चआधी दिसायला हवं. म्हणजे भर उन्हाच्या तोंडावर खड्डे. नियमांत आता ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येतो, पण तोसुद्धा एखाद्या वडाच्या किंवा ओढ्याच्या हिशेबाने क्षणभरच. परदेशी देणग्यांवरचं बंधन तर त्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर आणखी आवळलं : प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी झाली. त्याचा फटका गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना बसला. चांगला मॅनेजर कोण, तर जो देणगीदाराला ‘रोपांची संख्या विचारू नका, तिसऱ्या उन्हाळ्यात किती जगली ते विचारा’ असं सांगून तेच करारात लिहून घेतो. असे देणगीदार असतात. थोडे असतात.

पैसा संपल्यावरही काम टिकण्याच्या बाबतीत वेळासचं उदाहरण बघण्यासारखं आहे. मंडणगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या भाऊ काटदरे यांच्या संस्थेने २००२मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायला सुरुवात केली. पूर्वी अंडी खाल्ली किंवा विकली जात. संस्थेने गावातल्याच लोकांना राखणीला घेतलं, पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक आणले, घरोघरी त्यांच्या राहण्याजेवणाची सोय झाली. पुढे हे काम गाव आणि वनखात्याच्या हाती गेलं. प्रकल्पाच्या पहिल्या वर्षीच ‘आपण निघून गेल्यावर हे कोण करणार’ याचं उत्तर शोधणारे लोक या क्षेत्रात मला विरळाच दिसले.

आता बाकीच्या वाटा, भरभर. तुमच्याच वस्तीत स्वच्छाग्रह कलिका केंद्र आहे, घरच्या घरी खत कसं करायचं ते शिकवणारं. कचऱ्याचं क्षेत्र बेंगळुरूत बरंच पुढे गेलेलं आहे. कचरावेचकांबरोबर काम करणाऱ्या ‘हसिरु दळा’च्या नलिनी शेखर यांची सुरुवात पुण्यातल्या कचरावेचकांच्या संघटनेतली, म्हणजे इकडची विद्या तिकडे गेली. कंपन्यांच्या आतही काम आहे : सेबीने २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, तो लिहायला माणसं लागतात. पगार या सगळ्यांत इथेच बरा. पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार कंपन्यांतही जागा असतात, पण माझं मत विचाराल तर डोळे उघडे ठेवून जा. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे हा अहवाल ज्याला खाण किंवा कारखाना काढायचा तोच पैसे देऊन करवून घेतो. अशा अहवालात ‘प्रकल्प होऊ नये’ असं वाक्य किती वेळा येत असेल, याचा अंदाज करा. महाराष्ट्रात वनखात्याच्या जोडीने काम करणारं कांदळवन प्रतिष्ठान आहे, किनाऱ्यावरची माणसं तिथे लागतात. नकाशे आणि विदेचं काम करणाऱ्यांना सगळीकडेच मागणी आहे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तुम्हाला ते शिकायला फार वेळ लागू नये.

शिक्षण नव्याने घ्यावं का? वन्यजीवशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर होय, आणि त्यासाठी बेंगळुरूइतकं सोयीचं शहर देशात नाही. भारतीय विज्ञान संस्थेतलं परिस्थितिविज्ञान केंद्र आपल्या माधव गाडगीळांनी १९८३मध्ये उभं केलं. एनसीबीएस या संशोधन संस्थेत वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, ‘एट्री’ ही संशोधन संस्थाही शहरातच आहे. पण मॅनेजरच राहायचं असेल तर पदवीमागे दोन वर्षं घालवू नका. गाडगीळांनी स्वतः सांगितलेली एक गोष्ट पुरे. सत्तरच्या दशकात कर्नाटकातला बांबू का संपतोय, याचा अभ्यास त्यांच्याकडे आला. गावकऱ्यांच्या चराईवर आणि तोडीवर ठपका ठेवणं सोपं होतं. गावकरी सांगत होते की बांबूच्या बेटाभोवतीचं काट्यांचं आवरण तोड सोपी व्हावी म्हणून काढलं जातं, आणि उघडे पडलेले कोंब जनावरं खातात. पाहणीत गावकऱ्यांचं खरं निघालं. गावकऱ्यांचं ऐकून ते तपासून बघायची ही सवय अभ्यासक्रमाने लागतेच असं नाही. गावात बसूनच ती लागते.

म्हणून आधी राजीनामा देऊ नका. एखाद्या तलावगटाबरोबर एक पूर्ण वर्ष काम करा, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्यात येऊ द्या. सभेचं इतिवृत्त लिहा, खर्चाचा तक्ता सांभाळा, माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. कन्नड बोलायला शिका. बेंगळुरूत इतकी वर्षं काढून ‘स्वल्प स्वल्प’वर भागवणारे आपण मराठी लोक कमी नाही, पण गवत कापणाऱ्या बाईशी इंग्रजीत बोलता येत नाही. मराठीचाही उपयोग कर्नाटकातच होईल : खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या परिसरातल्या वाड्यांवर तुम्हाला दुभाषा लागणार नाही.

पगार उतरेल, बहुतेक ठिकाणी बराच उतरेल. घरी बसून हा हिशेब आधी उघडपणे करा, नवरा-मुलांसकट. नोकरीची मुलाखत झाली तर समोरच्याला तुम्हीही विचारा : हा प्रकल्प किती वर्षांचा आहे, आणि माझ्या पगाराचे पैसे त्यातल्या किती महिन्यांचे हातात आहेत? शेताबांधावरच्या कर्मचाऱ्यांना मागच्या वर्षी पगार वेळेवर मिळाला का? या प्रश्नांची उत्तरं सरळ आली नाहीत, तर पुढची जाहिरात बघा. आणि त्या सकाळच्या मुलीला एखाद्या दिवशी फेरीनंतर कॉफीला थांबवा. तिच्या संस्थेला हिशेबाचे तक्ते बसवून देणारी व्यक्ती हवीच असेल, शनिवारी दोन तास देणारी मिळाली तरी चालेल.