भावाच्या सहीने सुटका होत नाही

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याकडचे. कुंभकोणमला वडिलांपासून गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं दुकान आहे, माझ्यासकट पाच माणसं. सुंदरपेरुमाळ कोयिलचा एक कामगार सोळा वर्षं आमच्याकडे होता. सकाळच्या पॅसेंजरने यायचा. मूस तोच उतरवायचा, शुद्धतेचा टंच तोच काढायचा, इथलं गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर माल ठेवून जायचं. वय 40, पगार 18 हजार. तीन आठवड्यांपूर्वी दुकानाच्या मोटारसायकलवरून तंजावरला चांदी पोचवायला निघाला. मीच पाठवलं होतं. लॉरीने मागून उडवलं, जागीच गेला. चांदीही सापडली नाही. मागे बायको, दोन मुलं आणि विधवा आई. त्याचा थोरला भाऊ गावातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन आला होता. तीन लाख द्या, पुढे काही मागणार नाही असं लिहून देतो म्हणाला. मुद्रांकावर मजकूर काय घालावा? त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाला बापाच्या जागी घेऊ का?
— एक गलाईवाले, कुंभकोणम

उत्तर : मजकूर मी सांगणार नाही. तो कितीही बिनचूक लिहिला, तरी त्याचा उपयोग शून्य आहे.

पत्रात ‘मीच पाठवलं होतं’ हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण सगळं पत्र त्या तीन शब्दांभोवती आहे. दोष तुमचा नाही, लॉरी तुम्ही चालवत नव्हता. मात्र कायदा दोष विचारतच नाही. माणूस तुमच्या कामावर असताना अपघातात गेला, एवढं पुरेसं आहे. ग्रॅच्युइटीला दहा माणसांची अट असते, म्हणून ती बहुधा तुम्हाला लागू नाही. अपघाती भरपाईला तशी अट नाही. भट्टी-ब्लोअर चालणाऱ्या पाच माणसांच्या दुकानालाही ती लागते. घरून कामावर येताना झालेला मृत्यूसुद्धा 1923 च्या जुन्या भरपाई कायद्यात बसू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात सांगितलं. तुमचा माणूस तर प्रत्यक्ष कामावरच होता.

आता खड्डा कुठे आहे तो पाहा. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात द्यायचीच नसते. ती अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. 1923 च्या कायद्यात तो भरपाई आयुक्त होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो ‘सक्षम प्राधिकारी’ आहे, नियम तोच. परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नाही. म्हणजे तीन लाख द्याल, मुद्रांक कपाटात ठेवाल आणि उद्या बायकोने अर्ज केला की पहिल्या रुपयापासून पुन्हा द्याल. चांगल्या मनाची माणसं यातच बुडालेली मी पाहिली आहेत. पैसा रोख गेलेला असतो, साक्षीला आलेले वडीलधारे सुनावणीला येत नाहीत.

त्यात सही कोणाची, तर भावाची! सज्ञान भाऊ भरपाईच्या कायद्यात अवलंबित नाही. बायको, अज्ञान मुलं आणि विधवा आई हे अवलंबित. कोणाला किती, अज्ञानांचा पैसा कुठे गुंतवायचा, हे अधिकारी ठरवतो. बायकोचा हक्क दिराच्या सहीने संपत नाही. ती तुमच्याशी एक शब्द तरी बोलली आहे का? पत्रात तसं दिसत नाही.

रकमेचा अंदाज घ्या. 2020 मध्ये केंद्राने ठरवलेली 15 हजारांची पगारमर्यादा धरली, तर त्याचे निम्मे 7,500, गुणिले चाळिसाव्या वर्षाचा गुणांक 184.17 : सुमारे 13 लाख 81 हजार. महिन्याच्या आत भरली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. तुमच्या हातात आठवडाच उरला आहे.

आज एक गोष्ट जरूर करता येते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम, म्हणजे 54 हजार, ‘भरपाईपोटी आगाऊ’ म्हणून अवलंबितांना देता येते आणि ती पुढे वळती होते. बायकोच्या स्वतःच्या खात्यात भरा. थकलेला पगार वेगळा द्या. याउपर मनाने द्यायचं तर खुशाल द्या, पण ते हिशेबात धरू नका.

मोटारसायकलीची आणि दुकानाची विमा पॉलिसी शोधून काढा, कामगाराची जोखीम घेतली आहे का ते वाचा आणि कंपनीला लेखी कळवा. लॉरीच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचा मार्गही बायकोला आहे. तिथे रक्कम जास्त मिळू शकते, मात्र दोन्हीकडून घेता येत नाही. निवड तिची. तिचा वकील वेगळा असू द्या, तुमचा तिला ‘समजावायला’ पाठवू नका.

चांदीची तक्रार पोलिसांत पावत्यांसह द्या. तिची किंमत त्याच्या पैशातून कापायचा विचारही नको.

मुलाबद्दल : नाही. अठराच्या आतला मुलगा तेजाबाच्या कामाला लावलात तर दुसरं प्रकरण अंगावर घ्याल. त्याला शिकू द्या.

आणि भावाला नुसतं ‘नाही’ म्हणून परत पाठवू नका. पैसे अधिकाऱ्याकडे भरतो आहे, पावतीची प्रत वहिनींना देतो, असं त्याच वडीलधाऱ्यांसमोर सांगा. तमिळ बोलणारा कोणी बरोबर न्या, आणि हे बोलणं कामगाराच्या घरी, त्याची बायको समोर असताना करा.