हप्त्यावरचा ड्रायव्हर

चि. संदीप यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि मग ‘रेंज जातेय’ म्हणतोस, म्हणून लिहायला बसलो.

परवा तुमच्या शेजारच्या काकू इथे लग्नाला आल्या होत्या. जेवताना सहज म्हणाल्या, तुमच्या भाच्याला सराफाकडे पाहिलं, हातात रुमालाचं गाठोडं होतं. आणि त्याच आठवड्यात तुझ्या खांद्यावर नवी कोरी बॅग. सव्वा लाखाचा गोल्फचा सेट म्हणे, अर्धे रोख नि बाकीचे हप्त्याने. खरं का रे? त्या रुमालात अक्काच्या पाटल्या तर नव्हत्या ना? तिलाच विचारावं म्हणून फोन उचलला आणि खाली ठेवला. तिला ठाऊक नसेल तर माझ्या तोंडून कळायला नको.

त्या पाटल्या आमच्या आईच्या. दाजींच्या टेम्पोच्या वेळी काय झालं ते तुला सांगायला नको. घरातला तांब्याचा बंबसुद्धा गेला, पण पाटल्या अक्काने डब्यातून बाहेर काढल्या नाहीत. आणि टेम्पो निदान चार दिवस भाडं तरी आणत होता. तुझा हा ड्रायव्हर काय आणणार आहे?

हिशेबच कर. अठरा होलचा पार ७२. त्यात प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके एकट्या पटरचे. पार तीनच्या होलवर ड्रायव्हर लागत नाही, तेव्हा तो बाहेर निघणार फार तर चौदा वेळा. तरी सगळ्यात जास्त पैसा तू त्याच्यावरच ओतलास, हे मी पैजेवर सांगतो. बॅगेत चौदाच्या वर क्लब ठेवायचे नाहीत असा नियम आहे. कमीत कमी किती असावेत, याचा नियमच नाही. पाच, सात, नऊ नंबरचे आयर्न, एक सँड वेज, एक फेअरवे वुड आणि पटर एवढ्यावर माणूस वर्षानुवर्षं खेळतो. मी येरवड्याला बॅगा उचलायचो तेव्हा सोमवारी मैदान बंद असायचं आणि आम्हा कॅडींना त्या दिवशी खेळायला मिळायचं. चौघांत मिळून सहा-सात क्लब, एकाने मारला की दुसऱ्याकडे फेकायचा. मुंबईत चेंबूरकडच्या कॅडींची पोरं तर गल्लीत खेळतात, वाकवलेली लोखंडी सळई आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन. त्यांची चिप बघ एकदा. पत्र्याला न लावता बरोबर गटाराच्या पलीकडे टाकतात.

जुना क्लब घ्यायलाही अक्कल लागते, ती मी तुला फुकट दिली असती. शाफ्ट डोळ्यासमोर धरून टोकापर्यंत बघायचा, वाक असला तर लगेच कळतो. डोकं कानाशी हलवायचं, आत खडखडलं तर ठेवून द्यायचं. ग्रॅफाइटच्या शाफ्टवरून नख फिरवायचं, भेग असली तर नख अडकतं. ग्रिप गुळगुळीत झाली म्हणून क्लब टाकणारे लोक आहेत, त्यांच्याकडून बिनधास्त घे. ग्रिप बदलणं घरचं काम आहे. जुनी ग्रिप ब्लेडने स्वतःपासून लांबच्या दिशेने कापायची, खालची टेप खरवडून रॉकेलच्या बोळ्याने शाफ्ट पुसायचा. वाळला की दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची. नव्या ग्रिपच्या टोकाला जे भोक असतं ते टीने बंद करून आत रॉकेल ओतायचं, बोटाने तोंड धरून हलवायचं आणि तेच टेपवर ओतून एका दमात ग्रिप वर सारायची. थांबलास की अडकलीच. मग डोळ्याने रेघ सरळ करून रात्रभर तशीच ठेवायची. चेंडूही तळ्यातून काढलेले घे, साबणाने धुतले की तुझ्या-माझ्या फटक्याला फरक कळत नाही.

आणि पटिंगला तर मैदानसुद्धा नको. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. सतरंजी टाकून पाण्याचा पेला आडवा ठेव, तो त्याहून अरुंद. त्यात रोज शंभर घाल. पेल्यात जाणारा चेंडू ग्रीनवर कसा जात नाही ते बघू.

तुला वाटेल, मामाला आजचा खेळ कळत नाही. बरं, माझं सोड. स्पेनचा सेव्हे बॅलेस्टेरोस लहानपणी गावच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्नने खेळायला शिकला आणि १९७९मध्ये ब्रिटिश ओपन जिंकला. अली शेर दिल्लीचा कॅडी, १९९१ला त्याने इंडियन ओपन घेतली तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते. चौरासियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल क्लबात ग्रीनची देखभाल करायचे, पोरगं तिथेच बघून बघून शिकलं आणि २००८ला इंडियन मास्टर्स जिंकलं. पुढे लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपनही. यातल्या कोणाच्या आईने पाटल्या मोडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

परत पाटल्यांवरच आलो. काय करू, डोळ्यासमोरून हलत नाहीत. पण भीती निव्वळ सोन्याची नाही रे. पैजेवर खेळणाऱ्या साहेबांच्या बॅगा मी उचलल्यात. परवडत नसलेली पैज असली की तीन फुटांच्या पटला भल्याभल्यांचं मनगट आखडायचं. तुझ्या प्रत्येक पटमागे आता महिन्याची पाच तारीख उभी राहणार, याची मला धास्ती आहे. हात चांगला आहे तुझा. अकरा वर्षांचा असताना माझ्या वेजने तू तो चेंडू कडुनिंबावरून टाकलास, तेव्हाच मी मामीला म्हटलं होतं.

खरं सांगू का? तू हे का केलंस, ते मला कळतं. बरोबरच्या मुलांच्या चकचकीत बॅगांशेजारी आपली सुतळीने बांधलेली बॅग टेकवायची म्हणजे जिवावर येतं. एका साहेबांनी मला आपणहून विचारलं होतं, कॅडींच्या स्पर्धेत उतर, फी मी भरतो. मी ताप आला म्हणून सांगितलं. ताप कसला, माझ्याकडे बूट नव्हते आणि क्लबही तीन वेगवेगळ्या माणसांनी टाकून दिलेले. त्या वर्षी जो पहिला आला, त्याला मी सोमवारी कितीदा तरी हरवलं होतं. अजून त्याचं नाव निघालं की मी उठून पाणी प्यायला जातो. मामीला वाटतं, मला मधुमेह झालाय.

तेव्हा तुला ओरडायचा मला फारसा हक्क नाही. ओरडलो ते सोडून दे. आता एवढंच कर. सेट अजून नवा आहे, गिऱ्हाईक मिळेल. तोटा येईल, तो मी सोसतो. जिवावरच येत असेल तर सात नंबर आणि वेज ठेवून घे, बाकीचं विक. या महिन्याची भिशी मला लागली आहे. सराफाचं व्याज किती झालं ते कळव, आपण दोघं जाऊन पाटल्या सोडवू आणि तू गुपचूप डब्यात ठेव. पटर मात्र घेऊ नकोस, माझा जुना पितळी पटर तुला द्यायचा हे केव्हाचं ठरलंय. मीच उगाच अडवून धरला होता.

टाचेला फोड आला होता, तो बरा झाला का? कॅनव्हासच्या बुटांत पायमोजे दोन घालत जा. किंवा असं कर, बुटांचा नंबर पाठव. मी जुन्यातले वगैरे बघणार नाही, नवेच घेऊ. रविवारी मामी पुरणपोळ्या करणार आहे, सकाळीच ये. आणि काकूंना साफ ऐकू-दिसू येत नाही, हेही मला माहीत आहे. हे सगळं खोटं निघालं तर मला चार शिव्या घाल, पण जेवायला ये.

तुझा,
मामा

ता.क. : अक्काला पत्र दाखवू नकोस. तिने विचारलंच, तर मामाने ग्रिप कशी बसवायची ते लिहिलंय म्हणून सांग.