पेनड्राईव्ह रिकामा, तरी फाईल जात नाही : 'फॉरमॅट' दाबण्याआधी हे वाचा



शाळेत संगणक आला, स्मार्ट टीव्ही आला, पण फाईल इकडून तिकडे न्यायची म्हटली की आजही आपण खिशातला पेनड्राईव्हच काढतो. आणि नेमकी घाईच्या वेळी स्क्रीनवर इंग्रजीत एक खिडकी उघडते. आपण ती न वाचताच बंद करतो, पुन्हा प्रयत्न करतो, शेवटी कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून पाहा ना!" आजचा पाठ या सवयीवर आहे. या सवयीची किंमत आम्ही मोजलेली आहे, म्हणून लिहितोय.

काय घडलं?

दीपनगर म्हणजे भुसावळजवळची औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. नोकरीच्या निमित्ताने वेगवेगळ्या जिल्ह्यांतली कुटुंबं इथे येऊन राहतात. म्हणून सातवीच्या मुलांना आम्ही एक उपक्रम दिला : आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐका आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. कुणाची आजी लेवा गणबोलीत गायली, कुणाची अहिराणीत, कुणाची वऱ्हाडीत. एकूण २२ चित्रफिती जमल्या, सुमारे १६ जीबी. सगळ्या एका ३२ जीबीच्या पेनड्राईव्हमध्ये ठेवल्या. पालकांच्या मोबाईलमध्ये जागा नव्हती, त्यामुळे मुलांनी मूळ चित्रफिती पुसून टाकल्या.

एका माजी विद्यार्थ्याने त्यातले निवडक भाग जोडून तासाभराची छान फिल्म केली. ती शाळेच्या संगणकावर होती, ५.८ जीबीची. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी नव्या ३२ जीबीच्या पेनड्राईव्हमध्ये ती घ्यायला गेलो, तर जाईना. पेनड्राईव्ह कोरा करकरीत. एक सर म्हणाले, "हा डुप्लिकेट दिसतोय, कपाटातला दुसरा घ्या." दुसरा म्हणजे ओव्यांचा. तोही घेईना. "फिल्म तर झालीच आहे, आता मूळ कशाला हवं?" असं म्हणून मीच तो फॉरमॅट केला. तरी तोच संदेश! मग एका तरुण मॅडमनी फॉरमॅटच्या खिडकीतला एक पर्याय बदलून पुन्हा फॉरमॅट केलं आणि फिल्म सरळ गेली. टाळ्या वाजल्या, कार्यक्रमही झाला.

पुढच्या महिन्यात एक मुलगी आली. "सर, आजी गेली. फिल्ममध्ये तिची अर्धीच ओवी आहे. पूर्ण द्या ना."

भुसावळच्या एका जाणकाराकडून पेनड्राईव्ह तपासून घेतला. २२ पैकी १४ चित्रफिती परत मिळाल्या. उरलेल्या ८ जिथे होत्या, त्या जागेवर आमची फिल्म लिहिली गेली होती. त्या आजी त्या आठांत होत्या.

पेनड्राईव्ह मुळात बिघडलेलाच नव्हता. स्क्रीनवर कारण स्पष्ट लिहिलेलं होतं, आम्हीच ते वाचलं नाही. म्हणून नेहमी दिसणारे संदेश आणि त्यांचे अर्थ एकेक करून पाहू.

१) 'फाईल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाईल सिस्टिम'

अर्थ : पेनड्राईव्हमध्ये जागा आहे, पण एवढी मोठी एक फाईल ठेवण्याची त्याची पद्धत नाही.

पेनड्राईव्ह म्हणजे कपाट धरलं, तर फाईल सिस्टिम म्हणजे त्याची नोंदवही. ३२ जीबीपर्यंतचे बहुतेक पेनड्राईव्ह 'फॅट३२' या जुन्या पद्धतीचे असतात. ती १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्या नोंदवहीत फाईलचा आकार लिहायला फक्त ३२ बिटांचा रकाना आहे. २ चा ३२ वा घात ४,२९,४९,६७,२९६. शून्यापासून मोजायचं, म्हणून रकान्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या त्याहून एकने कमी, ४,२९,४९,६७,२९५ बाइट. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. आमची फिल्म ५.८ जीबीची. नव्वद पेनड्राईव्ह आणले असते तरी गेली नसती! (घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या, मुलं विसरत नाहीत.)

उपाय :
• फिल्मचे दोन भाग करा, किंवा 'हँडब्रेक'सारख्या मोफत प्रोग्रामने तिचा आकार कमी करा. यात पेनड्राईव्हला हात लावावा लागत नाही, म्हणून आधी हेच करून पाहा.
• पेनड्राईव्हमधला सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करून, उघडून, खात्री करून मगच 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' पद्धतीने फॉरमॅट करा. मॅडमनी बदललेला पर्याय तो हाच.
• काही जुने टीव्ही आणि म्युझिक सिस्टिम फक्त फॅट३२ वाचतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर लावून पाहा.

२) 'डेस्टिनेशन पाथ टू लाँग' किंवा 'फाईल नेम टू लाँग'

विंडोजमध्ये फाईलचा पूर्ण पत्ता, म्हणजे सगळ्या फोल्डरांची नावं धरून, साधारणपणे २६० चिन्हांत बसावा लागतो. आपल्याला मराठी नावांचा फटका जास्त बसतो, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'शिक्षक' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, संगणक मात्र सहा मोजतो : श, वेलांटी, क, हलन्त, ष, क. 'शालेय पोषण आहार मासिक अहवाल' अशा नावाचे फोल्डर एकात एक ठेवले की मर्यादा लवकर संपते. उपाय सोपा : नावं छोटी करा, फोल्डरांची उतरंड कमी करा.

३) 'डिस्क इज राईट प्रोटेक्टेड'

कॅमेऱ्याचं कार्ड ॲडॉप्टरमध्ये घातलं असेल तर ॲडॉप्टरच्या कडेची छोटी खिट्टी पाहा, ती कुलपाच्या बाजूला सरकलेली असते. खिट्टी नसलेला साधा पेनड्राईव्ह अचानक असं म्हणू लागला, तर बऱ्याचदा त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं. अशा वेळी तो वाचता येतोय तोवर सगळं बाहेर काढून घ्या. त्याच्याशी झगडत बसू नका.

४) 'आय/ओ डिव्हाईस एरर', किंवा कॉपी मध्येच थांबून ड्राईव्ह गायब

हे बहुधा बाहेरच्या हार्डडिस्कबाबत होतं. आधी केबल बदला. मग संगणकाच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा, मध्ये हब नको. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअरपर्यंत वीज देतो, ३.० पोर्ट ९०० पर्यंत. वीज अपुरी पडली की डिस्क फिरता फिरता बंद पडते.

आपल्या खान्देशात आणखी एक कारण आहे, ऊन. बऱ्याच पोर्टेबल हार्डडिस्कसाठी कंपन्या भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सांगतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो. मोठी कॉपी सकाळच्या शाळेत, पंख्याखाली करा. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर लगेच काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

५) संदेश काहीच नाही, पण फाईल उघडत नाही

हा सगळ्यात फसवा प्रकार. कारणं तीन :
• लाईट गेली किंवा 'इजेक्ट' न करता पेनड्राईव्ह उपसला. हिरवी पट्टी संपली तरी मागे लिहिणं चालू असू शकतं.
• पेनड्राईव्हच बनावट. वर ६४ जीबी छापलेलं, आत ८ च. तो सगळं घेतल्यासारखं दाखवतो. रिकामा असतानाच 'एच२टेस्टडब्ल्यू' या मोफत प्रोग्रामने तपासून घ्या. मात्र ६४ जीबीच्या जागी ५९.६ दिसलं तर ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.
• व्हायरसने फाईल्स लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवले. ड्राईव्हच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये वापरलेली जागा भरलेली दिसत असेल तर फाईल्स आतच आहेत. शॉर्टकटवर क्लिक करू नका, आधी अँटिव्हायरस चालवा.

चुकून पुसलं गेलंच तर?

हात मागे घ्या. साध्या 'क्विक फॉरमॅट'मध्ये पेनड्राईव्हवरची नोंदवही कोरी होते, मजकूर बराचसा जागेवरच असतो. त्यावर नवीन काही लिहिलं की तो खरोखर जातो. आम्ही फॉरमॅटवर थांबलो असतो, तर कदाचित २२ च्या २२ ओव्या मिळाल्या असत्या. आमची चूक फॉरमॅटची होती, आणि नुकसान त्यानंतरच्या कॉपीने केलं.

आमच्या शाळेच्या कपाटावर आता हे लावलंय :

१. संदेश आधी वहीत उतरवा, मग अर्थ शोधा.
२. 'कट' नाही, 'कॉपी'च. मूळ फाईल पोहोचलेली फाईल उघडून पाहिल्यावरच पुसा.
३. महत्त्वाची गोष्ट दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. पेनड्राईव्ह ही ने-आण करायची पिशवी आहे, तिजोरी नाही.
४. 'मूळ कशाला हवं?' हे एकट्याने ठरवायचं नाही. ज्याचं आहे त्याला विचारा.
५. फॉरमॅट शेवटी, आणि दोघांच्या सहीने.

पालकांनाही हेच सांगणं. मुलांचे वाढदिवस आणि आजी-आजोबांचे आवाज एकाच पेनड्राईव्हमध्ये पडून असतील, तर या रविवारी त्यांची दुसरी प्रत करा.

परत मिळालेल्या १४ चित्रफिती आम्ही तीन ठिकाणी ठेवल्या. उरलेल्या आठांपैकी सात आज्यांकडे मुलं यंदा पुन्हा गेली. ओव्या पुन्हा आल्या, काहींच्या शब्दांत थोडा फरक पडला. आठव्या आजींची ओवी फिल्ममध्ये जेवढी आहे तेवढीच राहिली.